पाच नंबरचा बाण

पंचगंगेच्या काठच्या एका गावात एक गवळी राहायचा. गोठ्यात चार म्हशी आणि एक रेडी. रोज पहाटे आणि दिवस मावळताना दोन म्हशी पुढं घालून तो कोल्हापुरात गंगावेशीला यायचा. तिथं दूध कट्ट्यावर लोक ग्लास हातात घेऊन उभे असत. गवळी म्हशीखाली बसायचा, धार थेट ग्लासात पडायची, वर फेस यायचा आणि गिऱ्हाईक उभ्या उभ्या दूध पिऊन मिशीवरचा फेस पुसत आपल्या वाटेनं जायचं. दुधात पाणी घालायची सोयच नव्हती. सगळा धंदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चालायचा.

गवळ्याला एकच मुलगी. ती धनुष्यबाण चालवायची.

कोल्हापुरात पोर खेळतंय म्हटलं की लोक आधी विचारतात, कुठल्या तालमीत? नेमबाजी म्हटलं की त्यांना रायफल आणि पिस्तूल आठवतं. तेजस्विनी सावंत आठवते, राही सरनोबत आठवते, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. धनुष्यबाणाचं नाव काढलं की मात्र बोट साताऱ्याकडं जातं. त्यात खोटं काही नाही. साताऱ्याची आदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. तिचा वर्तमानपत्रातला फोटो पोरीला शिकवणाऱ्या सरांनी सरावाच्या मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चिकटवला होता. पावसाच्या ओलीनं त्याचे कोपरे सुटले होते, तरी फोटो जागेवर होता.

पोरीनं सुरुवात केली ती वेळूच्या धनुष्यावर. त्या खेळाला इंडियन राउंड म्हणतात. धनुष्यही वेळूचं, बाणही वेळूचे. दोन वर्षांत तिचा हात बसला. मग सरांनी तिला एक जुनं रिकर्व्ह धनुष्य दिलं. धनुष्य दुसऱ्याचं चालतं. बाण मात्र हाताच्या लांबीला आणि धनुष्याच्या ताणाला जुळतील असेच लागतात. ते विकत घ्यावे लागतात आणि स्वस्त नसतात. गवळ्यानं रेडी विकली. कार्बनचे बारा काळे बाण घरी आले. आजीनं ते मोजून घेतले आणि म्हणाली, "एका रेडीच्या बारा काड्या झाल्या म्हणायच्या."

पोरीनं प्रत्येक बाणावर आपली आद्याक्षरं लिहिली आणि एक ते बारा नंबर घातले.

पहिल्याच दिवशी सरांनी तिला शेडमध्ये समोर बसवलं. म्हणाले, "वेळूचा बाण खराब झाला की दिसतो. वाकतो, चिरतो. ॲल्युमिनियमचा वाकला की नखांवर ठेवून फिरवायचा, थरथरला की समजायचं. ह्या कार्बनचं तसं न्हाई. हा वाकत न्हाई. सरळच दिसतो, शेवटच्या दिवसापर्यंत सरळ दिसतो, आणि मग एक दिवस फुटतो. म्हणून ह्याला रोज विचारायचं."

कसं विचारायचं तेही त्यांनी दाखवलं. आधी कांडीवरून अंगठ्याचं नख हलकं फिरवायचं. कुठं अडकलं तर थांबायचं. मग दोन्ही टोकं दोन हातांत धरून, तोंडापासून लांब, बाणाला किंचित बाक द्यायचा. थोडा फिरवून पुन्हा बाक. असं चारी बाजूंनी. बाक देताना कान द्यायचा. चांगला बाण गप्प असतो. आतून तुटत आलेला बाण बारीक करकरतो. त्यानंतर नॉक बघायचा, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची प्लास्टिकची खाच. बाण दोरीला अडकवून लोंबू द्यायचा आणि दोरीवर टिचकी मारायची. एका टिचकीत सुटला पाहिजे. आपण होऊन पडला तर नॉक सैल. नॉकला चीर असेल तर तो लगेच बदलायचा, कारण सुटताना नॉक फुटला तर दोरी रिकामीच सुटते आणि धनुष्याचंच पातं जातं.

पोरीनं पहिले काही महिने हे सगळं मन लावून केलं. बारा बाण, बारा वेळा नख, बारा वेळा कान. ते करताना तिला वडिलांची, आप्पांची आठवण यायची. धार काढायच्या आधी आप्पाही म्हशीची चारी सडं असंच हात फिरवून बघायचे.

पुढं तिचे बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात जायला लागले. एकेकटे नाही, घोळक्यानं. त्यातला पाच नंबरचा बाण तिचा फार लाडका झाला. तो दहात जायचाच. सहा बाणांचा एंड मारताना ती पाच नंबर शेवटाला ठेवायची. मैदानावरच्या बारक्या पोरांनाही ते माहीत झालं होतं. आता तपासायला वेळ कुणाला? हात शिवशिवायचे. नख फिरायचं, पण घाईनं. कान तर कधीच बंद झाले होते.

गणपती बसवून आठवडा झाला होता. एका संध्याकाळी तिनं पाच बाण पिवळ्यात लावले आणि पाच नंबर सोडला. टार्गेटवरून टक्कन आवाज आला. बाणावर बाण बसला होता. मागं उभ्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

ती टार्गेटपर्यंत चालत गेली. दोन बाण एकमेकांना खेटून उभे होते. तिनं पाच नंबर ओढून काढला आणि नख फिरवलं. मागच्या पिसांच्या जरा पुढं नख अडकलं. केसाएवढी रेघ होती. तिनं बाक दिला. कर्र झालं, अगदी बारीक. तिनं इकडंतिकडं बघितलं. मग बाण पँटला पुसला आणि स्वतःशीच म्हणाली, वाळू असंल. बाण भात्यात गेला.

त्या दिवसानंतर पाच नंबर कधी पिवळ्यात जायचा, कधी खाली डावीकडं लालात, तर कधी निळ्यात. पोरीला वाटलं, आपलाच हात हलतोय. तिनं पाय बदलून बघितले, दोरी धरायची बोटं बदलून बघितली. शेवटी धनुष्यावरची नेम धरायची साईट हलवली. एक क्लिक, मग आणखी एक. पाच नंबर जरा वर आला. पण बाकीचे अकरा, जे नीट जात होते, ते आता वर उजवीकडं सरकले. एका बाणाची समजूत काढता काढता तिनं अकरा बाण बिघडवले.

सर वहीत लिहीत होते. एकदा त्यांनी विचारलं, "बाहेर कुठला जातोय?"

"शेवटचा, सर."

"शेवटचा म्हंजे कितवा?"

पोरगी काही बोलली नाही. सरांनी वही मिटली.

खंडेनवमी आली. कोल्हापुरात त्या दिवशी घरोघरी हत्यारं निघतात. उद्यमनगरात लेथला झेंडूची माळ पडते, शेतकऱ्याचा विळा-कोयता धुऊन पाटावर येतो, रिक्षालाही हळदकुंकू लागतं. दुसऱ्या दिवशी दसरा चौकात सोनं लुटायचं असतं, तर आदल्या दिवशी हत्यारं पुजायची. मैदानावरही पूजा होती. पोरांनी सतरंजी अंथरली आणि तिच्यावर धनुष्यं, बाण, भाते मांडले. कुणी फुलं आणली, कुणी नारळ.

सर खुर्ची घेऊन आले आणि सतरंजीकडं पाठ करून बसले.

"आधी तपासणी, मग पूजा," ते म्हणाले. "मी बघणार न्हाई. ज्याचा बाण त्यानंच बघायचा. मारायचे ते उजवीकडं ठेवा, मारायचे न्हाईत ते डावीकडं."

पोरं कामाला लागली. बाक देऊ लागली, कान लावू लागली. कुणाचे दोन बाण डावीकडं गेले, कुणाचा एक. पोरीनं आपले बाराच्या बारा उजवीकडं ठेवले. पाच नंबरला तिनं बाक दिलाच नाही.

तेवढ्यात पाचवीतलं एक पोरगं सरांपुढं जाऊन उभं राहिलं. ते अजून वेळूवर शिकत होतं. "सर, आज एकदा कार्बनचा मारू दे की मला."

सर हसले. "जा. ते हलकं धनुष्य घे. बाण ताईकडनं माग."

पोरगं पळत आलं. "ताई, पाच नंबर दे. तो दहातच जातोय."

पोरीचा हात पाच नंबरवर गेला. तिनं तो उचललाही. पण हात पुढं होईना. पोरगं तळवा पसरून उभं होतं, उन्हानं डोळे बारीक करून. एवढासा तळवा, अंगठ्याखाली वेळूच्या धनुष्यानं पडलेला लाल वळ. तिनं पाच नंबर खाली ठेवला आणि दुसरा बाण काढून दिला.

"आठ घे. आठ पण चांगला हाय."

सरांनी खुर्ची फिरवून घेतली होती. पोरानं धनुष्य ताणलं, सर त्याच्या मागं उभे राहिले. बाण सुटला आणि काळ्यात लागला. पोरगं आनंदानं नाचायला लागलं. सर सतरंजीपाशी आले.

"पाच मागितला हुता न्हवं त्यानं?"

"व्हय, सर."

"मग दिला का न्हाईस?"

पोरीनं मान खाली घातली. मग पाच नंबर उचलला आणि डावीकडं ठेवला.

"कवापासनं?" सरांनी विचारलं.

"गणपतीपासनं."

सर खाली बसले. रागावले नाहीत. म्हणाले, "त्या पोराला दिला न्हाईस, ते झ्याक केलंस. पण इतके दिवस स्वतःला मात्र रोज देत हुतीस की."

त्यांनी बाणाला बाक दिला आणि तिच्या कानाशी धरला. कर्र. ह्या वेळी वाळू म्हणायला जागा नव्हती. "हा सुटताना फुटला असता तर ह्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसल्या असत्या. डॉक्टरलाबी त्या लवकर सापडत न्हाईत."

"पण सर, तो सगळ्यात चांगला हुता," पोरगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्हणूनच गेला. नवख्याचे बाण मातीत, दगडांत जाऊन मरतात. नेम बसाय लागला की बाण जवळजवळ पडतात आणि एकमेकाला मारतात. सरावाला सगळे एकाच कागदावर मारू नको आता. दोन-तीन कागद लाव." मग जरा थांबून म्हणाले, "हा मोडून टाक. नुसता बाजूला ठिवलास तर उद्या कुणीतरी उचलंल आणि मारंल."

"खंडेनवमीला हत्यार मोडायचं?"

सरांनी विचार केला. "आज पूजा करून घरी ने. आप्पांना दाखीव. उद्या दसरा झाला की परवा मोड."

संध्याकाळी पोरगी घरी आली. बाण आप्पांपुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. रेडीची आठवण तिघांनाही झाली. पण तोंडातून काढली ती आजीनं.

"एक रेघ पडली म्हणून टाकून द्यायचा? म्हैस भाकड गेली म्हणून टाकून देतोस काय रं तू?"

आप्पा धारेची बादली घासत होते. त्यांनी बादली पालथी घातली.

"न्हाई टाकत. भाकड म्हशीला गोठ्यातच ठिवतो, वैरणबी घालतो. पण तिच्या दुधाचा रतीब कुणाला लावत न्हाई."

आजी गप्प बसली. तिला ते पटलं, पण पटलंय असं ती म्हणाली नाही. सासूबाई, आया, आज्या असं कधी म्हणत नाहीत.

दसऱ्यानंतर आप्पांनी सरांनी सांगितल्याप्रमाणे केलं. बाणाचं टोक गरम पाण्यात धरलं. आतला डिंक मऊ झाला आणि पोलादी टोक निघालं. नॉक ओढून काढला. दोन्ही वस्तू पुन्हा उपयोगी पडणार होत्या. मग कांडीला ओलं फडकं गुंडाळून, कूस उडू नये म्हणून, करवतीनं तिचे दोन तुकडे केले. पिसांकडचा तुकडा आजीनं उचलला आणि देवळीत, जुन्या पंचांगाशेजारी ठेवला. त्याच्यावरचा पाचाचा आकडा भिंतीकडं नाही, आपल्याकडं केला.

पोरीनं साईट पुन्हा होती तिथं आणली. एक क्लिक, मग आणखी एक. अकरा बाण आपल्या जागी परत गेले. दर संध्याकाळी ती बाण मारायच्या आधी शेडमध्ये बसू लागली. नख, बाक, कान, टिचकी. दिवाळीच्या आत आणखी दोन बाण करकरले. त्या रात्री ती जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच आप्पांना करवत मागितली.

बाणावर औषधाच्या बाटलीसारखी तारीख छापलेली नसते. इतके मारले की संपला, असा हिशोब कुणी दुकानदारही लिहून देत नाही. बाण बदलायची वेळ बहुतेकदा बाण सांगतो आणि आपण म्हणतो, वाळू असेल. त्याच्यापायी घातलेले पैसे आठवतात, त्यानं दिलेले दहा आठवतात, आणि कान आपोआप बंद होतात. बाणापुरतंच हे खरं आहे असंही नाही. दुसऱ्याच्या हातात देताना आपला हात कुठं थबकतो, तेवढं बघितलं तरी बरंच कळतं.

दिवाळीनंतर निवड चाचणी झाली. पोरगी तिथं गेली ती नऊ बाण घेऊन. अंतर साठ मीटर, सहा-सहा बाणांचे एंड, एकूण बहात्तर बाण. दुसऱ्या जिल्ह्यातली पोरं चकचकीत पेट्या घेऊन आली होती. हिचा भाता आजीच्या जुन्या लुगड्याच्या कापडात गुंडाळलेला होता.

पहिल्या छत्तीस बाणांत ती मधल्या फळीत होती. ना पुढं, ना फार मागं. पुढच्या अर्ध्यात हात मोकळा झाला. एका एंडला टार्गेटवरून पुन्हा तोच आवाज आला. टक्कन. मागं बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा त्यांच्यातच होते, त्यांनीही वाजवल्या.

पोरगी टार्गेटपाशी गेली. दहा आणि नऊ असे आकडे लिहून घेतले, मग दोन्ही बाण ओढले. एकाचं पीस फाटलं होतं. दुसऱ्यावरून नख फिरलं आणि मध्येच अडकलं. शेजारच्या जिल्ह्यातली मुलगी म्हणाली, "अगं, आता काही होत नाही. दोनच एंड राहिलेत." पोरीनं मान हलवली. दोन्ही बाण भात्याच्या वेगळ्या कप्प्यात उलटे घातले आणि रेषेमागं परत आली.

सर दुर्बिणीपाशी उभे होते. त्यांनी तिच्या भात्याकडं बघितलं.

"किती उरले?"

"सात, सर."

"लागतात किती?"

"सहा."

"मग चल, हो उभी."